बाहेरच्या चुलीवरचा पास्ता

ताई,

काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी मांडववाल्याने खुर्च्या उचलून नेल्या, उरलेली बुंदी मोहल्ल्यात वाटून झाली, आणि पाहुण्यांपैकी आता एकट्या शोभाबाई राहिल्या आहेत. आपल्या दोघी जावांच्या या नणंदबाई अजून काही दिवस राहणार, कारण त्यांच्या मते या घराले आता "पाहनारं कोनी राहलं नाई". मी या घरात पंचवीस-तीस वर्षं नांदते आहे, पण मला त्या धरत नाहीत. तुम्ही असता तर "जाऊ दे वं, तिचं तोंडच तसं हाये" म्हणाला असता. तुम्ही नाही, म्हणून मी जाऊ देत नाहीये.

काल पंगती उठल्यावर त्यांनी घरच्यांना फोटोसमोर गोळा केलं. गेलेल्या माणसाच्या नावानं जवळच्यांनी आवडीचं काहीतरी सोडायचं, ही आपल्या घरची रीत. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही कैरीचं लोणचं सोडलं होतं. दर उन्हाळ्यात बरण्या भरून घालायच्या, आम्हाला वाढायच्या, आणि स्वतःच्या पानात कधी फोडही घ्यायची नाही. काल भाऊजींनी खर्रा सोडला. तुम्ही जन्मभर त्या तंबाखू-सुपारीच्या मागे लागलात तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. काल खिशातली पुडी काढून तुमच्यासमोर ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आमच्या ह्यांनी चहातली साखर सोडली. शोभाबाईंनी वांगं सोडलं. वांग्यानं त्यांच्या अंगाला खाज सुटते हे सगळ्या घराला ठाऊक आहे, पण तेरवीच्या दिवशी कोण बोलणार?

मग त्या माझ्याकडे वळल्या. "वंदना, तू तं आता मच्छी सोडशीनच. माळकरीन होती ती. तिच्या नावानं एवढं तं केलंच पाह्यजे तुनं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊजी पाहत होते. माझा नवराही पाहत होता. मी म्हटलं, "उद्या सांगीन."

तो उद्या म्हणजे आज. दुपार झाली आहे, शोभाबाई कूलरसमोर आडव्या झाल्या आहेत, आणि मी तुमच्याशी बोलत बसले आहे. कारण हे प्रकरण मच्छीचं नाही, हे या घरात तुम्हाला आणि मला दोघींनाच माहीत होतं.

मी लग्न होऊन आले तो दिवस आठवतो का तुम्हाला? लग्न कसलं, कचेरीत सह्या करून आलो होतो आम्ही. माझे बाबा पारशिवनीकडे धरणात जाळं टाकणारे ढिवर, आणि तुमचं घर शेतीवाडीवाल्या कुणब्यांचं. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या नाहीत. ओवाळलं तुम्ही. मग माझा हात धरून घर दाखवायला निघालात. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर, आणि एवढा मोठा गंभीर चेहरा. मला वाटलं, आता देवघर दाखवतील, स्वैपाकघर दाखवतील. तुम्ही मला थेट मागच्या अंगणात नेलंत. तिथे टिनाच्या शेडखाली एक चूल होती, भिंतीला खिळ्यावर लोखंडी कढई, बाजूला भाताच्या पातेल्याएवढा जर्मनचा एक गंज, दोन ताटल्या. "मच्छी-मटन इथी करत जाजो," तुम्ही म्हणालात. "आत चालत नाई."

एवढंच म्हणालात. पुढचं तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.

नंतर कळलं की ती चूल माझ्या आधीपासून होती. तुम्ही माहेरून माळ घालूनच आला होता, म्हणून पुरुषांचं मटण बाहेर होऊ लागलं. म्हणजे नियम तुमच्या माळेचा होता, माझ्या जातीचा नव्हता. हे मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल! पण मग घर दाखवताना सगळ्यात आधी तीच का दाखवलीत? "पोरीच्या माहेरी रोज मच्छी असते, तिची आबाळ नको व्हायला" असं तुमच्या मनात होतं, की "तुझी जागा ही" असं होतं? इतक्या वर्षांत दोन्ही उत्तरं मला पटत आली. ज्या दिवशी तुमच्यावर राग असे त्या दिवशी एक पटे, नसे त्या दिवशी दुसरं.

चुलीची पुढे एका बर्नरची शेगडी झाली, पण नाव चूलच राहिलं. उन्हाळ्यात टिन तापायचं आणि डोक्यावर रुमाल ओला करून बांधावा लागायचा. मच्छी झाली की तिथेच बसून खायची, तिथेच भांडी घासायची, चूळ भरायची आणि मग आत यायचं. मी कधी तक्रार केली नाही. तक्रार न करण्यातही एक ताठा असतो, ताई, आणि तो माझ्यात तुमच्याइतकाच होता.

बाबा यायचे तेही तिथेच. ओल्या पोत्यात गुंडाळलेली मासळी घेऊन पहिल्या गाडीनं यायचे, मागच्या दारानं शिरायचे आणि शेडखाली बसायचे. त्यांना कोणी बाहेर बसा म्हणालं नाही. कोणी आत या असंही म्हणालं नाही. तुम्ही चहा घेऊन यायच्या, घरातल्याच कपात, आणि पायरीवर बसून त्यांच्याशी धरणाच्या पाण्याच्या गोष्टी करायच्या. बाबांना तुम्ही फार आवडायच्या. "तुही जाऊ लय चांगली बाई हाये वं," म्हणायचे. माझ्या आशूच्या बारशालाही ते तिथेच बसले होते. नव्या धोतरात, गुडघ्यांवर हात ठेवून. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला कारण कळलं होतं की नाही, कोण जाणे.

आणि तेच बाबा गेले तेव्हा कडू घास कोण घेऊन आलं? आमच्या घरात चूल पेटली नव्हती, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि तुम्ही एस.टी.तून पिठल्याची बादली आणि भाकरींचं गाठोडं घेऊन उतरलात. भाऊजी नाहीत, आमचे हेही नाहीत, तुम्ही एकट्या. जाळी टांगलेल्या त्या ओसरीत आमच्या बायांच्या पंगतीत बसलात आणि माझ्या आईला आपल्या हातानं पहिला घास भरवलात. मग त्याच ताटातलं स्वतः खाल्लंत. मी घास गिळत गिळत तुमच्याकडे पाहत होते आणि माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते हेच, की ताई आमच्या घरी जेवल्या खऱ्या, पण स्वतः आणलेलं जेवल्या. माणसाचं मन एवढं कोतं होऊ शकतं. पण ज्याला वर्षानुवर्षं शेडखाली बसवलं जातं त्याचंच ते होतं, हेही तुम्ही समजून घ्या.

आता आशूचं. तिला जन्म मी दिला, वाढवलं तुम्ही. मी सकाळच्या गाडीनं कळमेश्वरला शाळेत शिकवायला जायची ती चार वाजता उगवायची. तोवर तिची वेणी, तिचा डबा, तिचा अभ्यास, तिचे फटके, सगळं तुमच्याकडे. ती तुम्हाला मोठी आई म्हणायची, आणि आजारी पडली की मला सोडून तुमच्या कुशीत शिरायची. तुम्हाला मूल झालं नाही याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आशू होती म्हणून बोलायची गरज पडली नाही असं मी धरून चालले. तुम्हाला गरज होती का, हे विचारायला हवं होतं.

यंदा ती सातव्या महिन्यात पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्या पोटात काही ठरेना. वरण-भात नको, भाकरी नको, तुमच्या हातची कढीसुद्धा नको. एकदा जेवताना सहज म्हणाली, "पुण्यात ऑफिसजवळ कोलंबीचा पास्ता मिळतो, तेवढा एक खावासा वाटतो." आणि लगेच जीभ चावली, कारण तुम्ही समोर बसून भाजी निवडत होता.

"पास्ता म्हनजे का असते?" तुम्ही विचारलं.

तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. तुम्ही चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे तं आपले सरगुंडे हायेत वं! आन् हे वर लाल लाल का हाये?"

"झिंगे, मोठी आई."

तुम्ही मोबाइल परत दिला, दोन काड्या मेथी निवडली. मग विचारलं, "समुद्रातलेच पाह्यजे का धरनातले चालतीन?"

मी आणि आशू एकमेकींकडे पाहतच राहिलो. तुम्ही मात्र गंभीरच. "डोहाळे मांगं ठेवू नाई. लेकराची लाळ गळते. वंदना, संजूले फोन लाव." संजू म्हणजे माझा भाऊ. फोन लावला मी, बोललात तुम्ही. झिंगे ताजे पाहिजेत, पाण्यातून निघालेले, काल-परवाचे आणशील तर याद राख, असा दम त्याला माझ्या माळकरी जाऊबाईंनी भरला. तो अजून सांगून हसतो. तेरवीत पानं वाढता वाढता कोणालातरी हेच सांगत होता आणि सांगता सांगता रडला.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, चालू होता. सकाळी आठलाच अंगणात पाय ठेववत नव्हता. संजूनं झिंगे आणून दिले, मी शेडखाली बसून ते सोलले, धुतले, आणि शेगडी पेटवायला काडी ओढली. तुम्ही मागच्या दारात येऊन उभ्या राहिलात.

"आतच कर आज. गॅसवर."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय म्हणता?"

"आत ये म्हनून राहिली मी. बाहेर लय तपते."

या वाक्याची मी किती वाट पाहिली होती, ताई. आणि ते आलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नाही."

"काहून?"

"इतकी वर्षं तपतच होतं ना. तेव्हा कुठं म्हणालात आत ये? आज पोरीचे डोहाळे आहेत म्हणून म्हणता. तिच्यासाठी मला आत नाही यायचं."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही, कारण मी मुद्दाम शेगडीकडे पाहत होते. आजही मला वाटतं, मी बोलले ते खरंच होतं. फक्त ते बोलून झाल्यावर तुमच्याकडे पाहायला हवं होतं.

तुम्ही आत गेलात. मला वाटलं, रुसलात. भांड्यांचा आवाज आला, फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळानं तुम्ही डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, काखेत सरगुंड्यांचा डबा, एका हातात पाट आणि दुसऱ्या हातात आतली कढई, पुरणाची, अशा सगळ्या थाटात पायऱ्या उतरलात.

"तू आत नाई येत तं मीच येतो बाहेर. सरक वं जराशीक."

मी सरकले. त्या शेडखाली तुम्ही चहा द्यायला येत होता, पायरीवर बसत होता, पण शेगडीसमोर पाट टाकून त्या दिवशी पहिल्यांदा बसलात. आशूनं दारात खुर्ची टाकली आणि तिथून सूचना देऊ लागली. पाकिटातला पास्ता तिनं आणून ठेवला होता. तुम्ही तो हातात घेऊन हलवून पाहिला आणि परत दिला. "कवाचा असंल कोन जाने. गर्भारशीनं हे खाऊ नाई." तुमच्या डब्यात चैत्रात केलेले सरगुंडे होते, कणकेची वळी काडीवर गुंडाळून, एकेक सोडवून वाळवलेले, सगळे सारख्या आकाराचे. आमरसासोबत आम्ही ते आयुष्यभर खाल्ले. त्यांचं झिंग्यांशी लग्न लावायची कल्पना तुमची.

गंजात पाणी उकळलं. तुम्ही सरगुंडे सोडले आणि वर सवयीनं तुपाचा थेंब टाकलात. शिजले तसे चाळणीत ओतलेत आणि गरम पाणी सरळ मोरीत.

"मोठी आई!" आशू किंचाळली. "ते पाणी ठेवायचं असतं! त्यानंच रस्सा दाट होतो!"

"मंग आधी सांगा लागते ना बाई," तुम्ही म्हणालात आणि मोरीकडे असं पाहिलंत की पाणी परत येईल. मी हसले. तुमच्यावर राग धरून बसले होते तरी हसले.

मग शेंगदाण्याचं, फल्लीचं तेल, त्यात ठेचलेला लसूण, सुकी मिरची तोडून. चिरलेलं टमाटर. टमाटर मऊ झाल्यावर झिंगे. आशू ओरडत होती की जास्त शिजवू नका, रबर होतात. "दोन मिनिटात कोनती चीज शिजते?" असं म्हणत तुम्ही सराटा माझ्या हातून घेतलात आणि परतायला लागलात. माळ पदराखाली खोचली होती. झिंगे आकसून लाल झाले तसं तुम्ही नाक आत ओढून वास घेतलात, आणि मी पाहते आहे हे पाहून म्हणालात, "वासाले काई बंधन नाई." मग सरगुंडे त्यात टाकलेत, लिंबू पिळलंत आणि मूठभर सांबार चिरून टाकलात. आशू म्हणाली, पुण्यात याच्यावर कोथिंबीर नाही, वेगळंच काही असतं. तुम्ही म्हणालात, असंल.

"मले चव नाई पाहता येत," तुम्ही मला म्हणालात. "तू सांगजो."

मी एक सरगुंडा तोंडात टाकला. अळणी. ठार अळणी. आमरसात पडणाऱ्या सरगुंड्याला मीठ कधी लागतच नाही, त्यामुळे ना पाण्यात मीठ, ना कढईत. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीठ राहलं. तुह्या तोंडाकडं पाहूनच समजलं." थोडं टाकलंत, पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंत. पुन्हा थोडं. मी मान डोलावली तेव्हा थांबलात. ताई, इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे इतक्या लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या जिभेवर तुम्ही पोरीचा घास सोपवला होता.

पहिला घास तुम्ही तिला भरवलात. बोटांनी, कालवून, लहानपणी भरवत होता तसा. तिनं डोळे मिटून खाल्ला. दुसरा मागितला. ताटली संपवून ती कढई पुसायला लागली. पोटात ठरलं तिच्या. कित्येक दिवसांनी ठरलं.

आणि मग तुम्ही उठून आंघोळीला गेलात. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता आणि माझा आनंद तिथेच थोडा विरजला. पूजेचं व्हायचं होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या, आंघोळ कोणीही केली असती. हे मला समजत होतं. आणि तरीही लागलं. पण आंघोळीहून आल्यावर तुम्ही ती पुरणाची कढई राखेनं घासलीत, धुतलीत, आणि मी ती बाहेरच्या खिळ्यावर अडकवायला हात पुढे केला तर म्हणालात, "आतली हाये ते. आतच ठेवतो." तुमचं मला कधीच सरळ कळलं नाही, ताई. एका हातानं ढकलायच्या आणि दुसऱ्यानं धरायच्या.

दिवेलागणीला तुम्ही वाती वळत होता. मान वर न करता म्हणालात, "पुढच्या खेपेले आतच कर."

मी म्हटलं, "पाहू."

आपलं भांडण इथेच थांबलं, "पाहू"वर. पुढची खेप येणारच आहे असं आपण दोघींनी धरलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी तुम्ही अंगणात सडा टाकलात, तुळशीला पाणी घातलंत आणि "जराशीक टेकतो" म्हणून खाटेवर बसलात. मी चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीला डोकं लावून शांत होता. चहा निवेपर्यंत मी हाका मारत होते. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. तुम्हाला झाला नसेल, ताई.

माळ तुमच्याबरोबर गेली. चूल इथेच राहिली.

तर आता मच्छी सोडायची की नाही? सगळ्यांना वाटतं, सोडावी. आमचे हे रात्री म्हणाले, "सोडून दे, एका शब्दानं तोंडं बंद होतीन." खरं आहे. सोडणं सोपंही आहे, या वयात जिभेचे लाड ते किती? पण मच्छी हे माझ्या बापाचं घर आहे. तुमच्या नावानं ते सोडलं तर शोभाबाई म्हणतील, वंदना आता खरी या घरची झाली. म्हणजे इतकी वर्षं नव्हते, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. तुम्हाला ते हवं असेल असं मला वाटत नाही. ज्या बाईनं झिंगे ताजे आण म्हणून माझ्या भावाला दम दिला, तिच्या नावानं झिंगे कसे सोडू? आणि व्यवहाराचं बोलायचं तर, तुम्ही चाखत नव्हता तेव्हा चाखायला मी होते. मीही सोडलं तर मीठ पाहणार कोण?

सकाळी आशू स्वैपाकघरात आली. तिला आता चालताना धाप लागते. सुतकाच्या दिवसांत पोरीनं मुकाट्यानं सपक खाल्लं, एका शब्दानं काही मागितलं नाही. आज ओट्याला हात टेकून म्हणाली, "आई, ते मोठ्या आईचं पुन्हा करशील? आत्ता नाही, कधीतरी." आणि तोंड फिरवून रडायला लागली.

मी संजूला फोन लावला.

संजू येऊन गेला, झिंगे सोलून झाले आहेत. इथवर लिहिलं आणि उठले. आता जे झालं ते सांगते, मग थांबते.

मी पातेल्यात झिंगे घेऊन मागच्या अंगणातून आत आले. उंबऱ्याशी पाय अडखळला. कोणी अडवलं नव्हतं, पायालाच सवय नव्हती. तुमच्या ओट्यावर तुमचा गॅस पेटवला, गंज चढवला. या वेळी पाण्यात मीठ टाकलं. लसणाचा वास सुटला तशा शोभाबाई उठून आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि दारातच थिजल्या.

"अवं, का करून राहिली तू? माळकरनीच्या ओट्यावर झिंगे? तेरवी होऊन एक दिवस नाई झाला!"

"तिनंच आत ये म्हटलं होतं मले."

"कवा? कोनं आयकलं?"

"मी ऐकलं."

"आन् सोडलं का मंग तुनं? सोडाचं सोडून हे असं..."

मी हातातला सराटा खाली ठेवला. भाऊजी बैठकीतून उठून शोभाबाईंच्या मागे येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहूनच बोलले, कारण हे त्यांनाही ऐकवायचं होतं. म्हटलं, "मी बाहेरची चूल सोडली. ताईच्या नावानं. याच्यापुढं त्या शेडखाली मी काही शिजवणार नाही, अन् माझ्या माहेरचं कोणी तिथं बसणार नाही."

शोभाबाई म्हणाल्या, "हे का सोडनं झालं?"

आवडीचं सोडायचं असतं ना, ताई? त्या चुलीवर मी माझा सगळा राग इतकी वर्षं जपून ठेवला होता. त्याच्याइतकं आवडीचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

भाऊजी वळले, मागच्या अंगणात गेले, आणि मला वाटलं, झालं, आता हे जेवणार नाहीत. ते शेडखालची शेगडी उचलून घेऊन आले. कुठे ठेवायची ते त्यांना कळेना. दोन्ही हातांत धरून स्वैपाकघराच्या मधोमध उभे राहिले, तुम्ही गेल्यापासून उभे राहतात तसे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ती त्यांच्या हातून घेतली.

आशूनं पोटभर खाल्लं. मीठ बरोबर होतं. मी चाखून पाहिलं आणि त्या दिवसासारखं तुमच्याकडे तोंड वळवलं.

मी आत आले आहे, ताई. यायला मला उशीर झाला. बोलवायला तुम्हालाही झालाच होता, एवढं मात्र मी म्हणत राहणार.

तुमची,
वंदना